पाणी पात्रात आहे

मिरजेच्या फिजिओ मॅडम, तबस्सुम मुजावर, विचारतात,
शून्य ते दहामध्ये सांगा, किती दुखतंय?
मला दहात मावेल असं दुखणं सांगता येत नाही.
सांगलीचा माणूस मी. आम्ही फूट सांगतो.
आयर्विन पुलाखाली आज किती,
हे विचारतच मोठे झालो.
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका.
म्हटलं, आज अडतीस. जिना उतरताना बेचाळीस.
त्यांनी तसंच लिहून घेतलं.
बाई इथल्याच.

तिसऱ्यांदा आलंय हे.
पहिल्यांदा दंडोबाच्या चढावर.
दुसऱ्यांदा काही कारण नसताना, खुर्चीतून उठताना.
आणि या वेळी हरिपूरहून येताना, सपाटीला,
जिथे शाळेची पोरं हात सोडून सायकल मारतात.
वाटीच्या खाली, आत,
जात्यात खडा आल्यासारखं.

मार्केट यार्डात मी हळदीची वजनं लिहितो.
बावीस वर्षं. बाहीला हळद, नखांना हळद,
घरच्या पासबुकाला हळद.
ज्याला कळलं त्याने सांगितलं, लेप लावा.
तातोबा हमाल तर मूठभर राजापुरी
पुडीत बांधून टेबलावर ठेवून गेला.
लावला.
गुडघा पिवळा झाला.
दुखत राहिला, पिवळा.

व्यायाम असा:
टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली.
दाबायची, दहा अंक, सोडायची.
मला वाटलं, चेष्टा करतायत.
एका दमात नव्वद किलोमीटर मारलेला माणूस
पलंगावर टॉवेल दाबतोय,
आणि सुनंदा दारात उभी राहून अंक मोजतेय,
सातनंतर मुद्दाम सावकाश.

मग एकदा वंगणाला म्हणून सायकल
भूपाल आरवाडेच्या दुकानात नेली.
त्याने मला वर बसवलं, टाच पेडलवर टेकवायला लावली,
मागे सरकला, एक डोळा मिटला,
गवंडी ओळंबा बघतो तसा.
"मालक, सीट दोन बोटं खाली आहे.
कधीपासून?"

कधीपासून.
घेतली तेव्हापासून.
सहा वर्षं मी पुरता न उठलेल्या माणसासारखा
पेडल मारत होतो
आणि चढाला दोष देत होतो.
भूपालने पाना फिरवला. पैसे घेतले नाहीत.
मला राग येता येता राहिला,
कुणावर यावा ते कळेना म्हणून.

जड गिअरचं मात्र माहीत होतं मला.
मागे कुणी असलं की खट्कन जड टाकायचो.
मॅडम म्हणाल्या, हलका ठेवा, पाय भराभर फिरू द्या,
ताकद दाखवायची तर पोती उचला, यार्डात आहेतच की.

पावसाळाभर घरातच. मग
हरिपूरपर्यंत जायचं, परत यायचं,
कागदावर लिहिलंय तेवढंच.
घाटावर पाच मिनिटं बसायचो.
वारणा येऊन कृष्णेत मिसळते तिथे
कुणालाच घाई दिसत नाही.
मला होती. रोज होती.
एकदा चोरून बुधगावपर्यंत गेलो
आणि चार दिवस जिना आडवा होऊन उतरलो.
कागदावर तेही लिहिलं गेलं.

काल दंडोबा.
मंडळी पुढे गेली. दुसऱ्या वळणावर
गुडघा काहीतरी बोलला,
ओरडला नाही, नुसता बोलला.
आधी मी ऐकलंच नसतं.
उतरलो. सायकल हातात धरून चालायला लागलो.
मागून एक पोरगा आला, काका, पंक्चर?
म्हटलं, नाही रे, पाणी वाढत होतं.
तो माझ्याकडे बघत बघत पुढे गेला.
वर पोचलो तेव्हा चहा संपला होता,
भडंगाच्या पिशवीत तळाला
शेंगदाणे तेवढे उरले होते.
ते खाल्ले.

रात्री सुनंदाने विचारलं, किती?
एकवीस. पात्रात आहे.
ती टॉवेल गुंडाळतच होती.
म्हणाली, आणि उद्या?
उद्याचं कोयनेवर, म्हटलं,
आणि पाय लांब केला.